संपादकबाईंचं मत

आमच्या डेपोत प्रत्येकाला टोपणनाव आहे. माझं काय आहे ते मी सांगणार नाही, कंडक्टरबाई म्हणा, भागेल. ज्यांच्या गाडीवर मी सगळ्यात जास्त वर्षं घंटी वाजवली, त्या ड्रायव्हरला सगळे सावकाश म्हणायचे. त्यांची गाडी कधी वेळेआधी पोचली नाही आणि कधी कुणाला घासलीही नाही. मागचे हॉर्न मारून मारून कान किटवायचे, प्रवासी करवादायचे, हे आपले ढिम्म. मी त्यांना दादा म्हणायचे. त्यांची एकुलती एक लेक मला आत्या म्हणते, आणि ही गोष्ट तिचीच आहे. दादा तिला संपादकबाई म्हणायचे.

शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाली की सीटखाली वाकून बघणं हे माझं काम. छत्र्या सापडतात, जेवणाचे डबे सापडतात, एकदा तर कुणाची कवळी सापडली होती. वर्तमानपत्रं मात्र रोजच. कुणी वारं लागू नये म्हणून खिडकीच्या फटीत कोंबलेलं, कुणी अर्धं शब्दकोडं सोडवून टाकून दिलेलं. दादा ती सगळी गोळा करून लेकीसाठी घरी न्यायचे. त्यामुळे ती लहानपणापासून शिळ्या बातम्यांवर वाढली. पूर ओसरून गेल्यावर तिला तो आल्याचं कळायचं, पण म्हणून ती रडायची काही कमी नाही. कुठल्या तरी परक्या देशात शाळेचं छप्पर कोसळलं तर ही इथे दोन घास कमी जेवायची.

जेवताना ती बातमी वाचायची आणि वाचून झाली की दादा विचारायचे, "मग संपादकबाई, आपलं मत काय?"

आता लहान मुलाला असं कुणीही विचारतं. मीही विचारलंय. आपण विचारतो आणि उत्तर येईपर्यंत आपलं लक्ष भाजीत मीठ कमी आहे का याकडे गेलेलं असतं. दादांचं तसं नव्हतं. ते घास हातात धरून ऐकायचे आणि ऐकलेलं अमलात आणायचे. तिने वाचलं की तंबाखूने जगात इतकी माणसं मरतात, आपण ती सोडलीच पाहिजे. यांनी सोडली. आम्ही सगळे सांगून थकलो होतो, वहिनींनी तर शपथा घातल्या होत्या. तिने वाचलं की समुद्रातले मासे संपत चाललेत, तर हे वर्षभर माशाला शिवले नाहीत. वहिनी कपाळावर हात मारून घ्यायच्या. "उद्या ही पोरगी म्हणाली की जमिनीवर झोपणं वाईट, तर हे स्वतःला खुंटीला टांगून घेतील," असं त्या एकदा मला म्हणाल्या. आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो.

पोरगी कॉलेजात गेली. तिथे एक छोटं रेडिओ केंद्र होतं, आमच्या गावापुरतं ऐकू येणारं. दर आठवड्याला एका विद्यार्थ्याने देशातली एक बातमी आणि जगातली एक बातमी घ्यायची आणि त्यावर आपल्याला काय वाटतं ते बोलायचं, असा कार्यक्रम. त्यांच्या सरांना दोन्ही बातम्या एका धाग्यात ओवलेल्या फार आवडायच्या. ओवणं हिला असं काही जमलं की थोड्याच दिवसांत कार्यक्रम तिचाच होऊन बसला. किराणा दुकानात, न्हाव्याकडे, आमच्या कॅन्टीनमध्ये लोक मुद्दाम लावायला लागले. आवाज खणखणीत आणि राग खरा. या आठवड्यात जंगलतोडीवर, पुढच्या आठवड्यात फुटलेल्या प्रश्नपत्रिकेवर, त्याच्या पुढे कुठल्या तरी युद्धावर. एका आठवड्याचा राग दुसऱ्या आठवड्यात शिल्लक नसायचा. बातम्याच इतक्या येत होत्या, बिचारी धरून तरी किती ठेवणार?

आणि मग ती अपघाताची बातमी आली. लांब कुठे तरी डोंगरातल्या वळणावर एक बस दरीत गेली होती. पहिल्या दिवशी सगळ्यांनी एकच छापलं: ड्रायव्हर निवृत्तीला आलेला होता, बहुधा डुलकी लागली. तो त्यातच गेला होता, त्यामुळे त्याची बाजू मांडायला कुणी नव्हतं.

तिच्या कार्यक्रमाच्या दिवशी आमची गाडी दुपारी सुटायची होती. कार्यक्रमाच्या आधी दादांनी वर्कशॉपमधल्या मेकॅनिकांना हाका मारल्या, कंट्रोलरला खुर्चीवरून उठवून आणलं, कॅन्टीनवाल्याला रेडिओ मोठा करायला लावला. "आज आपल्या धंद्यावर बोलणार आहे," म्हणाले. नवऱ्या मुलीच्या बापासारखे सगळ्यांना बसवत होते.

पोरगी बोलली. जगातली बातमी होती एका दूरच्या देशातल्या म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्षाची. डोळ्यांनी दिसत नाही, कानांनी ऐकू येत नाही, तरी खुर्ची सोडायला तयार नाही. तिने दोन्ही बातम्या लीलया जोडल्या. म्हणाली, "खुर्ची असो की स्टिअरिंग, म्हाताऱ्या हातांना सोडवत नाही. हात थरथरतात, डोळे मिटतात, आणि मागे बसलेले जीव मात्र आपले असतात. ज्यांचं वय झालं त्यांनी कुणी काढायची वाट का बघावी? थोडी लाज असेल तर त्यांनी स्वतःहून खाली उतरावं."

 मग एक मेकॅनिक फिसकन हसला. "सावकाश, ऐकलं का? उतरा आता!" कंट्रोलरने त्याला डोळ्यांनी दटावलं आणि उठून आवाज बारीक केला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. दादा मात्र शांतपणे म्हणाले, "बरोबर बोलली. अभ्यास करून बोलते ती."

मला वाटलं, घरी जाऊन तरी तिला चार शब्द सुनावतील. कसलं काय! वहिनींनी मला नंतर सांगितलं, त्यांनी फक्त "छान बोललीस" म्हटलं. ती फुलून गेली आणि विचारत राहिली, "जोड कशी जमली बाबा? सरांनीसुद्धा कौतुक केलं." तिच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. म्हातारा ड्रायव्हर म्हणजे बातमीतला. बाबा म्हणजे बाबा. या दोघांचं वय एकच आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

दादांनी मात्र धसका घेतला. आधी मला कळलंच नाही. मग दिसायला लागलं, की गाडी चालवता चालवता ते मधेच स्वतःच्या हातांकडे बघतात. अरुंद पुलावर समोरून साधी रिक्षा आली तरी थांबून तिला वाट देतात. गाडी मागे घेताना मी शिट्टी वाजवायचे, त्या शिट्टीवर डोळे मिटून गाडी लावणारा माणूस खाली उतरून स्वतः बघून यायला लागला. एकदा भर रस्त्यात मला विचारलं, "बाई, मी आत्ता डोळे मिटले होते का?"

"दादा, तुमचे डोळे बशीएवढे उघडे आहेत," मी म्हटलं. ते हसले नाहीत.

महिन्याच्या सुरुवातीला त्यांनी डेपो मॅनेजरला सांगून स्टिअरिंग सोडलं आणि यार्डात गाड्या धुवायचं काम मागून घेतलं. मॅनेजरला माणसं कमीच पडत होती. तरी भला माणूस, म्हणाला, महिना संपेपर्यंत विचार करा, मन बदललं तर गाडी तुमचीच, नंतर मात्र दुसरा ड्रायव्हर येईल. मी दादांना नाही नाही ते बोलले. रेडिओ ऐकून कुणी स्टिअरिंग सोडतं का, असंही म्हटलं. ते एवढंच म्हणाले, "एखादा जीव गेल्यावर उतरण्यापेक्षा हे बरं." घरी त्यांनी पाठदुखीचं कारण सांगितलं. लेकीने मलम आणून दिलं आणि पुढच्या आठवड्याच्या बातम्या शोधायला बसली.

महिना संपत आला असताना त्या अपघाताच्या चौकशीची बातमी आली, आतल्या पानावर, लहानशी. ड्रायव्हर झोपला नव्हता. रस्त्याच्या कडेची नुकतीच दुरुस्त केलेली भिंतच खचली होती. वाचलेल्या प्रवाशांनी सांगितलं, की त्याने शेवटपर्यंत गाडी डोंगराच्या बाजूला ओढून धरली आणि घट्ट धरून बसा म्हणून ओरडत राहिला. पोरगी त्यावरही बोलली. कंत्राटदारांची तिने अशी काही हजेरी घेतली की कॅन्टीनवाल्याने टाळी वाजवली. त्या ड्रायव्हरबद्दल बोलताना तिचा आवाज भरून आला. दादा तेव्हा यार्डात होते. पाण्याच्या पंपाच्या आवाजात त्यांना काही ऐकू जाण्यासारखं नव्हतं.

मी माझी तिकिटांची पेटी जमा केली आणि तडक त्यांच्या घरी गेले. ती नुकतीच कॉलेजमधून आली होती. मला बघून खूश झाली.

"आत्या, ये ना! ऐकलंस आजचं?"

"ऐकलं. याच ड्रायव्हरबद्दल मागे काय बोलली होतीस?"

तिला आठवावं लागलं. खोटं नाही सांगत, कपाळाला आठ्या घालून आठवावं लागलं. "ते होय... तेव्हा माहितीच तेवढी होती ना. आणि ते मत होतं आत्या, मत बदलतं."

"तुझा बाप गाड्या धुतोय."

"हो ना, पाठ फारच दुखते त्यांची."

"पाठ ठणठणीत आहे त्यांची," मी म्हटलं. "थोडी लाज असेल तर खाली उतरावं, असं कोण म्हणालं होतं रेडिओवर?"

तिचा तेव्हाचा चेहरा मला पुन्हा बघवणार नाही. तिने चपला कशाबशा पायांत अडकवल्या आणि निघाली. मी मागे. मॅनेजरने महिनाभराची मुदत दिलीय, हे मी तिला वाटेत सांगितलं.

यार्डात दादा पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून आमच्याच गाडीच्या चाकांवर पाणी मारत होते. तिला बघून त्यांनी नळ बंद केला.

"बाबा, तो ड्रायव्हर झोपला नव्हता. रस्त्याकडेची भिंत खचली होती. मी चुकीचं बोलले."

"हो का?" दादा म्हणाले. "बिचारा. त्याच्या घरच्यांना कळलं असेल ना गं? त्यांनी इतके दिवस काय काय ऐकलं असेल."

तिला रडूच फुटलं. त्या माणसालाही घर असेल, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. "पण मी तुमच्याबद्दल नव्हतं म्हटलं. ते मी नुसतं... जोड छान जमत होती म्हणून बोलले."

"नुसतं?"

दादा तिच्याकडे बघत राहिले. रागाने नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. "मला वाटलं तू विचार करून सांगितलंस," ते म्हणाले. "तू उगाच काही बोलशील असं मी कधी धरलंच नाही."

तिने डोळे पुसले. "मग आता विचार करून सांगते. माझं मत आहे की तुम्ही गाडी चालवा. तुमच्याइतकी चांगली कुणी चालवत नाही. अजून महिना संपलेला नाही, आत्या म्हणाली."

"नक्की?"

"नक्की, बाबा."

तिचा शब्द त्यांनी आजवर खाली पडू दिला नव्हता. त्यांनी पायजम्याला हात पुसले आणि गाडीत चढले. मीही मागून चढले. इतक्या दिवसांनी त्यांना त्या सीटवर बघून माझा जीव भांड्यात पडला. इंजिन सुरू झालं, मी सवयीने दोन घंट्या दिल्या आणि गाडी हलली. पोरगी बाजूने चालत होती, ओल्या जमिनीवरून, आमच्याकडे बघत.

यार्डाचं फाटक उघडंच होतं. बाहेर रोजचाच रस्ता. एक माणूस खांद्यावर शिडी घेऊन चालला होता, एक बाई मुलाचा हात धरून पलीकडच्या दुकानाशी उभी होती. आमच्या वाटेत कुणीसुद्धा नव्हतं. दादांनी ब्रेक दाबला. मी वाट बघितली. पुन्हा दोन घंट्या दिल्या. त्यांचा पाय ब्रेकवरून निघेना. त्या बाईने मुलाला कडेवर घेतलं, दुकानात गेली, रस्ता साफ मोकळा झाला, तरी निघेना. मानेवर घाम आला होता आणि हात खरंच थरथरत होते. इतक्या वर्षांत ते हात असे मी कधी पाहिले नव्हते.

त्यांनी इंजिन बंद केलं आणि हँडब्रेक ओढला.

"बाई," ते हळूच म्हणाले, "गाडी मागे घ्यायला कुणालातरी बोलवा."

मग ते एकेक पायरी धरून खाली उतरले. पोरगी दाराशी उभी होती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आपलीच काही चूक झाल्यासारखे तिला म्हणाले, "संपादकबाई, आजवर तुमचं सगळं ऐकलं. एवढं एक मात्र नाही जमत गं मला."