दहा पावलांतलं इंटरनेट

परदेशी जाऊन आलेली माणसं देवळं, समुद्र, उंच इमारती असं काहीबाही सांगतात. आमच्या ग्रुपला यातलं फारसं काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की नेट कुठे आलं, कुठे गेलं आणि कोणामुळे गेलं! असे किस्से कोणी ठरवून जमवत नाही. स्वयंपाकघरातल्या एखाद्या खणात रबरबँड आणि पिना साठत जाव्यात, तसे ते साठतात. एक दिवस खण उघडायला जावं तर तो अडकतो, इतका भरलेला असतो.

आम्ही सहाजण, सगळे वसईकडचे. बँकेतून निवृत्त झालेले सावंत आणि सावंतवहिनी. खाडीकडच्या गावातले मोरेश्वरशेठ. घरची शेती अजून आहे, पण आता रेती-सिमेंटचं दुकान चालवतात. सांडोरच्या फिलोमिना टीचर, ज्यांच्या शाळेत मी लायब्ररी सांभाळायचे. मी. आणि अनिल, माझा नवरा. दर रविवारी सकाळी बोळिंजच्या बागेत भेटायचं, आणि वर्षातून एकदा कुठेतरी परदेशी जायचं, असा आमचा शिरस्ता होता.

परदेशात सगळ्यांचं इंटरनेट अनिलच्या फोनवरून चालायचं. एकच ईसिम, एकच हॉटस्पॉट.

अनिल गेला त्याला आता दुसरं वर्ष लागलं. पहाटे झोपेतच गेला. शेजारी असून मला कळलं नाही. त्यानंतर सहल झाली नाही. मग सावंतांनी एका रविवारी व्हिएतनामचं काढलं. अनिलचा फोन माझ्या कपाटात बंद पडलेला होता. तो चालू करायचा की नाही, हे कोणी मला विचारलं नाही. नुसते बाकावर बसून एकामागून एक किस्से सांगत राहिले. तेच इथे लिहिते आहे.

* * *

पहिली सहल दुबईची. तेव्हा ईसिम हा शब्दही आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हता. विमानतळावर तिथली सिमकार्डं घेतली. जुनं सिम काढायला पिन हवी होती, ती कोणाकडेच नव्हती. शेवटी सावंतवहिनींनी साडीची सेफ्टी पिन काढून दिली आणि तिने सहाच्या सहा फोन उघडले. वहिनी पुढचा तासभर पदर हाताने धरून उभ्या!

काढलेलं सिम कुठे ठेवायचं? मोरेश्वरशेठनी टिश्यूपेपरात नीट गुंडाळून खिशात घातलं. संध्याकाळी बिर्याणी खाल्ली, हात पुसले, टिश्यू ताटात टाकला आणि ताट गेलं.

शेठ त्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात शिरले. पाठोपाठ अनिल. आतल्या आचाऱ्याला शेठ हिंदीत समजावत होते, "भाईसाब, थाली में मेरा नंबर है!"

आचाऱ्याला वाटलं, ऑर्डरचा टोकन नंबर. त्याने अदबीने दुसरी बिर्याणी आणून दिली.

सिम मिळालं नाही. शेठनी बिर्याणी मात्र खाल्ली. "परत कुठं द्यायची? त्याला वाईट वाटंल," म्हणाले.

* * *

त्यानंतर अनिलने ईसिम शोधून काढलं. घरबसल्या विकत घ्यायचं, आलेला चौकोनी कोड फोनने स्कॅन करायचा, झालं. आपलं सिम जागेवरच राहतं, पिन नको, टिश्यू नको, आणि रोमिंगपेक्षा पुष्कळच स्वस्त. आमच्यात ईसिम चालणारा फोन तेव्हा त्याच्या एकट्याकडे होता. म्हणाला, "मी एकच मोठं पॅक घेतो. तुम्ही सगळे माझ्या हॉटस्पॉटवर या."

सावंतांना ते पटलं नाही. त्यांचा जन्म पडताळणीत गेलेला. बँकॉकला उतरल्यावर नेट सुरू होईना, तेव्हा अनिलने स्वतःच्या फोनमध्ये ईसिमचं रोमिंग चालू केलं. सावंत विमानतळावरच ओरडले, "रोमिंग? बंद करा आधी! परदेशात रोमिंग चालू करायचं नाही, हे माझ्या मुलाने मला शंभरदा बजावलंय!"

"अहो, ते आपल्या सिमचं. ते बंदच आहे. हे पाहुण्याचं सिम आहे," अनिल म्हणाला.

"म्हणून काय झालं?"

"पाहुण्याला बोलवायचं आणि दार लावून घ्यायचं, असं कसं चालेल, सावंत?"

सावंतवहिनी लगेच म्हणाल्या, "आमच्याकडे तसंच चालतं!"

* * *

हॉटस्पॉट म्हणजे काय, हे आम्हाला बँकॉकच्या मॉलमध्ये कळलं. त्याची हद्द अनिलपासून दहा पावलांची. तो चालला की आम्ही चालायचो, तो थांबला की आम्ही थांबायचो. आमच्या गाइडला वाटलं, भारतातले हे लोक किती शिस्तीचे! दुसऱ्या बसमधली माणसं सारखी हरवत होती, आमचं एकही हरवलं नाही.

एकदा अनिल स्वच्छतागृहात गेला. सावंतवहिनींचा मुलीशी व्हिडिओ कॉल चालू होता, तो अडकला. शेठचं गिऱ्हाईक सिमेंटच्या गोण्यांसाठी फोनवर होतं, तेही बंद पडलं. टीचरांचा फोटो अर्धाच गेला. बघता बघता पुरुषांच्या स्वच्छतागृहाच्या दाराशी आमचा सगळा ग्रुप फोन वर धरून उभा. रखवालदार येऊन विचारायला लागला, आत कोण मोठा माणूस आहे का?

शेठनी दारातून आत डोकं घातलं. "अनिलभाव! जरा दाराजवलच्या खोलीत बसा ना! इथं दोनच दांड्या येतात!"

आतून आवाज आला, "आता उठून जागा बदलू?"

त्या दिवसापासून ग्रुपचा नियम झाला. शेठनीच केला. "अनिलभाव, तुमी कुठं पन जाताना सांगून जायचं!"

आणि तो सांगायचा. चहा आणायला जरी उठला तरी बसमध्ये हात वर करून ओरडायचा, "नेट चाललं हो!"

* * *

बालीच्या वेळी सावंतांनी नवा फोन घेतला आणि जाहीर केलं, "या खेपेला माझं स्वतःचं ईसिम. कोणाच्या मागे धावणार नाही." दोन आठवडे आधीच घेतलं, कोड स्कॅन केला, सगळं तयार.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी घराची झाडलोट करावी तसा फोन साफ केला. जुने फोटो काढले, न लागणारी अ‍ॅप काढली. एका ठिकाणी त्यांना दिसलं, की एक सिम नुसतंच बसलंय, काही कामाचं नाही, बोळिंजमध्ये त्याला नेटवर्कसुद्धा येत नाही. काढून टाकलं! तो कोड एकदाच चालणारा होता.

विमानतळावर ही गोष्ट वहिनींनी सांगितली. सावंत खिडकीतून विमानं बघत होते. अनिलने फोन काढून हॉटस्पॉट चालू केला आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसला.

बऱ्याच वेळाने सावंत म्हणाले, "पासवर्ड तोच आहे ना?"

* * *

त्याच सहलीत, बालीत पहिल्याच दुपारी नेट संपलं. आठवड्याचं पॅक, आणि एका सकाळीत साफ! अनिलने सगळ्यांना हॉटेलच्या पायरीवर रांगेत बसवलं आणि एकेकाचा फोन तपासला. टीचरांनी दोन मेसेज पाठवले होते. वहिनींनी तर फोन उघडलाच नव्हता. मग शेठचा फोन आला हातात.

निघायच्या दोनच दिवस आधी शेठच्या पुतण्याची हळद झाली होती. खाडीकडची हळद म्हणजे काय, ते वसईकरांना सांगायला नको. डीजे, मंडप, सगळा गाव नाचायला. शेठनी पहाटेपर्यंत व्हिडिओ काढले होते, आणि त्यांचा फोन ते सगळे इमानदारीने इंटरनेटवर जपून ठेवत होता. घरच्या वायफायवर राहिलेले बालीत येऊन चढत होते.

"शेठ," अनिल म्हणाला, "तुमच्या पुतण्याच्या हळदीत आमचं सगळ्यांचं नेट नाचलं!"

शेठनी शांतपणे विचारलं, "पन सगले व्हिडिओ चढले ना?"

"चढले."

"मग झालं तर! काकी विचारत व्हती."

अनिलने दुसरं पॅक घेतलं. संध्याकाळी ते हळदीचे व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी पाहिलेही. त्याच पॅकवर.

* * *

हा किस्सा टीचर स्वतः कधी सांगत नाहीत. शेठ सांगतात.

सांडोरला टीचरांच्या घरी रोज संध्याकाळी सगळं कुटुंब रोझरीला, म्हणजे माळेच्या प्रार्थनेला बसतं. लेकी-सुना, नातवंडं, झाडून सगळे. टीचरांनी लग्न होऊन आल्यापासून ती चुकवलेली नाही. बँकॉकला नदीवरच्या बोटीत आमचं जेवण होतं. दिवे, गाणी, टेबलावर पदार्थांची रांग. नेमकी तीच घरच्या रोझरीची वेळ. टीचर घरी व्हिडिओ कॉल लावायला फोन घेऊन बोटीच्या मागच्या टोकाला गेल्या. तिथे आवाज कमी होता, पण नेट पोहोचत नव्हतं.

अनिलच्या हातात भरलेली ताटली होती. ती त्याने तशीच ठेवली आणि मागे जाऊन टीचरांच्या बाजूच्या बाकावर बसला. फोन दोघांच्या मध्ये. रोझरी संपेपर्यंत हलला नाही. परत आला तेव्हा जेवण आवरायला घेतलं होतं. त्याला शेवटी कलिंगडाच्या दोन फोडी मिळाल्या.

पुढे पाचही संध्याकाळी हेच. शेवटच्या दिवशी तिकडून टीचरांच्या नातीने अनिलला विचारलं, "मामा, आज आवाज नाही आला तुझा?" तेव्हा आम्हाला कळलं, की हा नुसता बसत नव्हता, प्रार्थनेची उत्तरंही देत होता!

* * *

बाकावर हे सगळं पुन्हापुन्हा सांगून झालं. व्हिएतनामची तिकिटंही आली. एका रविवारी शेठ म्हणाले, "तिकडं उतरून सिम घेऊ. पिन मी आनतो." सावंत म्हणाले, "टिश्यू नका आणू." सगळे हसले.

"माझ्या फोनमध्ये ईसिम चालत नाही," मी म्हटलं. "अनिलच्या चालतं. तो आणते."

सावंत म्हणाले, "वहिनी, तसं काही अगदीच... माझ्याही फोनमध्ये ईसिम..."

टीचरांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेली नजर ती. सावंत थांबले.

पुढच्या रविवारी टीचर चर्चमधली मिस्सा आटोपून आल्या, त्या हातात एक चकचकीत कार्ड घेऊन. मी त्यांच्या ईमेलवर ईसिम मागवलं होतं, कारण कोड दुसऱ्या स्क्रीनवर किंवा कागदावर असला तरच स्कॅन करता येतो. त्यांनी तो आगाशीला जाऊन छापून घेतला होता आणि वर लॅमिनेशनही केलं होतं. "कागद चुरगळतो गं, वृंदा," म्हणाल्या. एकदाच वापरायचा कोड, आता तो पुढची पन्नास वर्षं टिकेल!

घरी आले. कपाटातला फोन चार्जिंगला लावला. चालू व्हायला वेळ लागला. मी तोवर भाजी निवडली. मग कार्ड समोर धरून कोड स्कॅन केला आणि अनिल करायचा तसं सगळं केलं. बाकी फोनमधलं काहीच उघडलं नाही. पुन्हा बंद करून पर्समध्ये ठेवला.

* * *

हनोईला उतरलो तेव्हा तिथे बारीक धुकं होतं. आमच्यासाठी मोठी बस आली होती. माणसं पाचच, त्यामुळे ज्याला हवी तिथे जागा. मी पुढे खिडकीशी बसले. वहिनी मधल्या सीटवर, सावंत त्यांच्या मागे, टीचर पलीकडच्या बाजूला. शेठ पाय पसरता यावेत म्हणून थेट शेवटच्या बाकावर.

बस निघाली. मी फोन चालू केला. पाहुण्याच्या सिमचं रोमिंग चालू केलं. दांड्या आल्या. मग हॉटस्पॉटचं बटण दाबलं आणि पासवर्ड सांगायला मागे वळले.

सांगायची वेळच आली नाही. आधी सावंतांचा फोन वाजला. मग वहिनींचा. मग टीचरांच्या पर्समधून एकामागून एक मेसेज यायला लागले.

"मी काहीच केलं नाही हं," सावंत म्हणाले. "आपोआप जोडला गेला." त्यांनी चष्मा वर केला आणि स्क्रीनवर आलेलं अनिलचं नाव वाचलं. मोठ्याने नाही.

त्यांनी फोन वहिनींना दाखवला. वहिनींनी स्वतःचा फोन पाहिला. टीचरांनी आपला फोन उचलून छातीवर उलटा धरला आणि बाहेर बघायला लागल्या. बाहेर भाताची शेतं होती. आमच्याकडे असतात तशीच.

मागून शेठचा आवाज आला, "माझा नाय वाजला. इथवर येत नाय." मग ते उठले, पिशवी उचलली आणि डुलत्या बसमधून सीटा धरत धरत पुढे आले. माझ्या मागच्या सीटवर बसले. फोन वाजला. त्यांनी बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं.

मग सावंत उठून पुढे आले. वहिनी आल्या. टीचर आल्या. एवढी मोठी बस सगळी रिकामी, आणि आम्ही पाचजण पुढच्या दोन रांगांत दाटीने बसलेलो. गाइड मायक्रोफोन हातात धरून बघत राहिला. त्याला वाटलं असावं, एसी फार झाला.

शेठनी नाक ओढलं आणि मागून माझ्या सीटवर दोन टिचक्या मारल्या.

"वयनी, आता तुमी पन कुठं जाताना सांगून जायचं!"