माठापाशी लागलेली तहान

दोन हजार सालाच्या आसपास मी मुंबईहून शिकून रत्नागिरीत परतले आणि स्वमग्न मुलांच्या घरी जाऊन त्यांना शिकवू लागले. पहिली मुलगी साडेतीन वर्षांची, कोर्टातल्या एका कारकुनाची. ती बोलत नसे. तिला पाणी मागता यावं, एवढंच मी आधी ठरवलं होतं.

पुढच्या खोलीत दार लावून आम्ही बसायचो. मी माझ्या पिशवीतला नारिंगी पेला पुढे धरायचे, ती 'पाणी' म्हणाली की घोटभर द्यायचे. मुलीचं लक्ष उडतं म्हणून आईला आत येऊ देत नसे. दोन महिन्यांत ती दहापैकी दहा वेळा मागू लागली. माझी वही बरोबरच्या खुणांनी भरली.

एके दिवशी तिची आई चहा देताना हळूच म्हणाली, "ताई, तुमच्याकडे मागते. माझ्याकडे नाही मागत. दुपारी माठापाशी जाऊन भिंतीवर डोकं आपटते."

मला राग आला. हिचंच काहीतरी चुकत असणार, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. मुलगी माठापाशी आली, रडली, कपाळ आपटू लागली. आईने धावत जाऊन स्टीलचा पेला भरून दिला. कुठलीही आई तेच करेल. तेव्हा कळलं, मुलगी पाणी मागायला शिकलीच नव्हती. त्या बंद खोलीत, माझा नारिंगी पेला मागायला शिकली होती.

मग तो पेला मी आणणंच बंद केलं. आईला माठापाशी उभं केलं, मी मुलीच्या मागे बसले. रडू फुटायच्या आधीच, जेवण होताच, घरातला पेला दाखवायचा आणि जरा थांबायचं, असं ठरलं. पहिले काही दिवस कठीण गेले. ते थांबणं आईला सोसवत नसे. एका दुपारी मुलगी तिच्याकडे बघून म्हणाली, "पा." आई पेला धरून तशीच उभी राहिली.

"द्या वहिनी, आधी द्या," मी म्हटलं.

हळूहळू ती वडिलांकडेही मागू लागली. एकदा एसटी स्टँडवर मागितलं, ते आईने मला दोनदा सांगितलं.

पुढचा शब्द मी माझ्या यादीतून निवडणार होते. आई म्हणाली, "तिला 'नको' म्हणता आलं पाहिजे."

यादीत तो नव्हता. आम्ही तोच शिकवला. महिना-दीड महिना लागला. वडील भात भरवत होते, तेव्हा तिने पहिल्यांदा 'नको' म्हटलं, आणि त्यांनी घास मागे घेतला. डोकं आपटणं पुरतं थांबलं नाही, पण कपाळावरचं टेंगूळ त्या पावसाळ्यात उतरलं.