दाराबाहेरचा अध्यक्ष

गॉर्डन फिशविकच्या पायाला भिंगरी होती. आमच्या शाळेच्या गव्हर्नर मंडळाचा तो अध्यक्ष, पण अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेला तो मला फार क्वचित दिसला. आमची बैठक शाळेच्या वाचनालयात भरते. पहिल्या विषयाला हा खिडकीपाशी, दुसऱ्याला खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर हात ठेवून उभा, तिसऱ्याला दाराची कडी वरखाली करून बघतोय. "चालू द्या, कान इकडेच आहेत," म्हणायचा. आणि असायचेही. मुख्याध्यापिका जेमा हार्ग्रीव्ह हजेरीचे आकडे जरा भरभर वाचायला लागली की हा कडी सोडून म्हणणार, "थांब पोरी. नववीचं परत सांग."

माझा भाऊ साताऱ्याहून एकदा आला होता तेव्हा मी त्याला फुशारकीने सांगितलं, मी इथे गव्हर्नर आहे. त्याने माझ्या जुन्या गाडीकडे बघितलं आणि झेंडा कुठे लावतेस म्हणून विचारलं. झेंडा कसला, इथे चहाला बिस्किटंसुद्धा कारकून हॅझेल स्वतःच्या घरून आणते. पगार नाही, भत्ता नाही. मुख्याध्यापक निवडायचे, शाळेचे पैसे कुठे जातात ते बघायचं, आईबापांच्या तक्रारी ऐकायच्या. एखाद्या मुलाला शाळेतून कायमचं काढलं, तर ते बरोबर की चूक हे आमच्यातल्या तिघांनी बसून ठरवायचं. त्या रात्री झोप लागत नाही, एवढाच काय तो मोबदला.

इंग्लंडमधल्या आमच्या या हॉल्डनशॉ गावात माणूस गव्हर्नर होत नाही, धरला जातो. मला गॉर्डनने माझ्याच औषधाच्या दुकानात धरलं. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आला आणि म्हणाला, "तुझी मुलगी आमच्या शाळेत ना? मग गुरुवारी ये. बोलायचं काही नाही, नुसतं बसायचं." ज्याला स्वतःला बसता येत नव्हतं तो माणूस मला हे सांगत होता. मुलगी शाळा संपवून लीड्सला गेली, नोकरीला लागली, मी अजून बसलेलीच आहे.

तो स्वतःही असाच अडकला होता. सपातांच्या कारखान्यात देखरेखीवर होता, मुलगी शाळेत होती म्हणून आला. कारखाना बंद पडला, मुलगी लग्न करून न्यूझीलंडला गेली, हा राहिला. मुलांच्या संडासात साबण नाही हे कळल्यावर त्याने जेमाच्या आधीच्या मुख्याध्यापकाला असं पिडलं की शेवटी ते बिचारे खिशात साबण घेऊन हिंडायचे. आणि एक मुलगी मारामारीवरून कायमची काढली होती, तिच्या सुनावणीत मी त्याच्या शेजारी होते. मधल्या सुटीत तो पावसात गाड्यांच्या आवारात गोल गोल चालत राहिला, ओलाचिंब होऊन आत आला आणि म्हणाला, "तिला परत घ्यायची." जेमा पुढे कितीतरी दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. ती मुलगी आता बेकरीत असते आणि गॉर्डनच्या मटण-पॅटिसवर रस्सा जास्त घालते.

बैठकीला कोणी आलं नाही तर कारण कळवावं लागतं आणि मंडळाने ते मंजूर करावं लागतं. बाकीच्या शाळांत हा विषय एका श्वासात उरकतात. गॉर्डन नाही उरकायचा. हॅझेलने नाव वाचलं की हा खिडकीतून, "कारण?" सर्दी म्हटलं तर चेहरा असा करायचा की पुढच्या वेळी न्यूमोनिया झाला तरी यावं. स्वतः एकही बैठक चुकवली नव्हती. आईच्या अंत्यविधीच्या दिवशीसुद्धा काळ्या टायवर आला होता.

मला हा माणूस आवडायचा आणि त्याचा राग यायचा. दोन्ही एकाच वेळी. कारण डोरीन.

डोरीन त्याची बायको. आयुष्यभर गावाचे केस कापलेली बाई, आणि त्या उन्हाळ्यात तिच्याच डोक्याला रुमाल आला. औषधं माझ्याकडूनच जायची, त्यामुळे काय चाललंय ते मला तिच्या शेजाऱ्यांच्या आधी कळलं. गॉर्डन तिला इस्पितळात न्यायचा, आणायचा, उशी नीट करायचा आणि शाळेत पळायचा. ऑगस्टमध्ये, शाळा बंद, मुलं नाहीत, हा तिथे कुंपण तपासतोय.

ऑगस्टच्या शेवटी ती दुकानात आली आणि आतल्या छोट्या खोलीत बसू या म्हणाली.

"डॉक्टर म्हणतात नाताळ बघेन," ती म्हणाली. "त्यापुढचं बोलत नाहीत. त्याला माहितेय सगळं, समोरच बसला होता. म्हणजे उभाच होता."

मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला, रडायला आली नव्हती ती.

"पुढच्या महिन्यात तुमची अध्यक्षाची निवडणूक. त्याला निवडू नका."

"डोरीन, तूच सांग ना त्याला. तू म्हणालीस तर आज सोडेल."

"सोडेल. आणि मग माझ्यासमोर सोडल्याचं तोंड करून हिंडेल. मला नकोय ते तोंड. तुम्ही काढलंत तर तुमच्यावर चिडेल. चिडलेला गॉर्डन मला चालतो, अगं, चांगला असतो चिडला की. मला हा एक हिवाळा तो घरात हवाय. आणि मी बोलले हे त्याला कळता कामा नये. शप्पथ घे."

औषधवालीला वेगळी शप्पथ कशाला. पण घेतली.

आता आमची निवडणूक कशी होते ते सांगते. सप्टेंबरच्या पहिल्या बैठकीत जो उभा असेल त्याने खोलीबाहेर जायचं, म्हणजे मागे राहिलेल्यांना मोकळेपणाने बोलता येतं. मोकळेपणाने! दरवर्षी गॉर्डन बाहेर कॉरिडॉरमध्ये, हरवलेल्या वस्तूंच्या पेटीपाशी उभा राहायचा, आत सगळे एकमेकांकडे बघून हसायचे, हॅझेल म्हणायची "मग, गॉर्डनच?" आणि त्याला आत बोलवायचे. चहा निवायच्या आत निवडणूक संपायची. दुसरं कोणी उभंच राहत नसे, कारण त्याच्या विरुद्ध उभं राहणं हे असभ्य होतं आणि निवडून येणं तर संकटच.

मी आठवडाभर तळमळले. फार्मसी, घर, नवऱ्याची गुडघ्याची शस्त्रक्रिया, त्यात हे अध्यक्षपद कोण अंगावर घेणार? रेव्हरंड अँगसना फोन केला. ते आमच्यातले सगळ्यांत मऊ गव्हर्नर. "गॉर्डनला यंदा विश्रांती द्यावी असं तुम्हाला नाही वाटत?" असं आडून विचारलं. "वा, छान विचार आहे," म्हणाले. "पण त्याला वाईट वाटेल, नाही का?" आणि चर्चच्या जत्रेसाठी माझ्याकडे केक मागितला.

बैठकीत हॅझेलने विचारलं, "अध्यक्षपदासाठी नावं?" गॉर्डन नेहमीप्रमाणे दाराकडे निघालाच होता. मी हात वर केला.

"मी पण उभी आहे."

कोणीतरी बिस्किट चावता चावता थांबलं. जेमाने कागदात डोकं घातलं. गॉर्डन वळला, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "मग चल की. बाहेर दोघांनाही जागा आहे."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. जो उभा त्याने बाहेर जायचं. मी चष्मा पर्समध्ये घातला, पुन्हा काढला, आणि त्याच्यामागून बाहेर गेले.

कॉरिडॉरमध्ये ओल्या बुटांचा आणि फिनाइलचा वास. गॉर्डन त्या पेटीपासून जिन्यापर्यंत गेला, परत आला. पुन्हा गेला.

"कोणी भरीला घातलं तुला? जेमाने?"

"कोणी नाही."

"वृंदा, तुला बजेटमधलं ओ की ठो कळत नाही."

"शिकेन."

"मागच्या वर्षी तू छपराच्या विषयाला डुलकी काढत होतीस. मी बघितलंय." तो परत आला. "माझं काय चुकलं ते तरी सांग. तोंडावर सांग. मी कुणाला नडलो?"

शप्पथ आठवून मी भिंतीवरची मुलांची चित्रं बघायला लागले. चिडलेला गॉर्डन चांगला असतो म्हणे.

तो पेटीत हात घालून एकेक वस्तू काढायला लागला. एक हातमोजा, टिफिनचं झाकण, कुणाचा तरी फुटबॉलचा बूट. हातमोज्याचा जोडीदार शोधत होता बहुतेक. शोधता शोधता एकदम थांबला.

"डोरीन आली होती तुझ्याकडे?"

"तुझी बायको दर आठवड्याला माझ्या दुकानात येते. ती काय बोलते ते मी कुणाला सांगत नाही. तुलाही नाही सांगणार."

त्याने तो हातमोजा उलटा केला, पुन्हा सुलटा केला. आतून अँगसचं हसू ऐकू आलं. निवडणुकीला एवढा वेळ लागायचं काही कारण नव्हतं.

"घरी मला काही करता येत नाही गं," तो म्हणाला. आवाज कधी नव्हे तो खाली आला होता. "नळ दुरुस्त केले. जिन्याला कठडा लावला. पलंगाची उंची वाढवून दिली. आता काहीच उरलं नाही. ती पडल्या पडल्या माझ्याकडे बघते, आणि मला कळतच नाही हातांचं काय करू. इथे कळतं. इथे दार वाजतं तर मी दार बसवतो."

मला रडू आलं. आलं ते आलं, पुसत बसले नाही.

"तिच्या खोलीत खुर्ची आहे का?" मी विचारलं.

"आहे."

"मग तिच्यात बस."

"आणि?"

"आणि काही नाही, गॉर्डन. नुसतं बसायचं. मला नव्हतं का तू सांगितलंस?"

तेवढ्यात दार उघडलं. अँगस उभे, चेहऱ्यावर असा आनंद की जणू जुळं झालंय.

"या, या! आम्ही फार सुंदर तोडगा काढलाय. दोघंही! दोघंही अध्यक्ष! नियमात बसतं, हॅझेलने बघितलं."

मला या लोकांची पोरं सांभाळावीत की यांनाच, असं झालं. कुणालाही वाईट वाटू नये म्हणून इंग्रज माणूस काय करील याचा नेम नाही. डोरीनचा हिवाळा त्यांनी दोघांत वाटून टाकला होता, आणि वर माझ्याकडे कौतुकाने बघत होते. आता शप्पथ मोडायची की काय, मी तोंड उघडलंच होतं.

गॉर्डन माझ्या पुढे आत शिरला.

"असलं काही चालणार नाही," तो म्हणाला. "एका गाडीला दोन ड्रायव्हर बसवले तर गाडी कुंपणात जाईल, आणि कुंपण मी आत्ताच नीट केलंय. माझं नाव काढा. वृंदा अध्यक्ष. कुणाचं काही म्हणणं?"

कुणाचं काही म्हणणं नव्हतं. कधीच नसतं.

"तिला बजेट कळत नाही," तो पुढे म्हणाला, "तेव्हा तिला पहिल्या दिवसापासून छळा. मला छळलंत तसं नको, खरोखर छळा."

मग त्याने जाकीट उचललं. बैठकीचा पहिला विषयसुद्धा झाला नव्हता. हॅझेल गोंधळून म्हणाली, "गॉर्डन, तुम्ही... निघालात?" तो दारापाशी थांबला, सवयीने कडी वरखाली केली.

"ही अजून ढिली आहे," म्हणाला, आणि गेला. तो हातमोजा त्याच्या हातातच राहिला होता.

नंतरच्या दिवसांत माझ्याशी तो धड बोलला नाही. औषधं न्यायला यायचा, पिशवी घ्यायचा, "अध्यक्षबाई" म्हणून मान हलवायचा आणि चालू पडायचा. मला झोंबायचं. खोटं कशाला सांगू, खूप झोंबायचं. मग एक दिवस डोरीनचाच फोन आला. आवाज खोल गेला होता, पण हसत होती.

"अजून चिडलाय तुझ्यावर. रोज तुझ्या नावाने खडे फोडतो. तू छपराचं कंत्राट कुणाला देणार आणि कसं बुडवणार, सगळं मला सांगतो. कालची पूर्ण दुपार सांगत होता."

"कुठे उभा राहून?"

"नाही गं," ती म्हणाली. "खुर्चीत."

नोव्हेंबरची बैठक आली. बाहेर चारलाच अंधारलेलं. खिडकीपाशी कोणी नाही, रेडिएटरपाशी कोणी नाही, त्यामुळे खोली मोठी वाटत होती. मी टेबलाच्या टोकाला बसले आणि मला बसवेना. पाय हलत होते, पेन हलत होतं. हॅझेलने पहिला विषय घेतला, न येणाऱ्यांची नावं.

"एकच आहे," ती म्हणाली. "गॉर्डन फिशविक."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. गॉर्डन फिशविकचं नाव या विषयात कधी आलंच नव्हतं. आणि इतकी वर्षं ऐकून ऐकून झालेल्या सवयीने, माझ्याच तोंडून निघून गेलं, "कारण?"

हॅझेलने कागदाकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"मीही विचारलं फोनवर. म्हणाले, 'बसलोय.'"

"मंजूर," मी म्हटलं, आणि उठून खिडकीपाशी गेले.