उरलेली कणीक आणि मोजलेले मासे

मंदा गेली त्याच्या आदल्या दिवशी आमचं कणकेवरून भांडण झालं.

आमचं ठरलेलं होतं, कणीक ती मळायची आणि पाणी मी घालायचं. (तिचं मनगट दुखायचं आणि माझी जीभ चालायची.)

"पाणी जास्त कोणी ओतलं?"

"पीठ जास्त कोणी घेतलं? पंगत बसणार आहे का इथे?"

"उरली तर उद्या माशांना घालून या. तळं काय पळून चाललंय?" असं म्हणून तिने उरलेल्या गोळ्यावर दोन बोटं दाबली. आमच्याकडे ठेवायच्या कणकेवर बोटं उमटवतात. गुळगुळीत गोळा पिंडासारखा दिसतो म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खुर्चीत बसल्या बसल्या गेली. गोळा फ्रीजमध्येच राहिला. सुनेच्याने तो टाकवेना. तिने गुपचूप फ्रीझरमध्ये सरकवला. मटारच्या पिशवीमागे तो गोळा आणि त्याच्यावर दोन बोटं. मी रोज आइस्क्रीम शोधायच्या निमित्ताने बघून यायचो. (मला डायबिटीस आहे. घरात सगळ्यांना कळत होतं.)

घर मुलाचं, अमेरिकेत, पार्सिपनीत. मी सातवी नापास, सगळा जन्म बसडेपोत टायर बदलण्यात गेलेला. इंग्रजी मला यस, नो आणि थँक्यू एवढंच येतं आणि त्यातलंही कुठलं कुठे, ते चुकतं.

नात इरा कॉलेजात. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने नदीवरचं काम धरलं. इथे नद्या जपणारे लोक कॉलेजच्या पोरांना सीझनपुरतं कामाला घेतात. मासे मोजायचे, पाणी तपासायचं, काठावर झाडं लावायची. माझा मुलगा खवळला.

"लोकांची मुलं एसीत बसून इंटर्नशिप करतात आणि तू चिखलात?"

"बाबा, इट्स अ रिअल जॉब! सीझनल आहे, एवढंच."

"सीझनल म्हणजे आंब्यासारखं?" मी विचारलं.

"एक्झॅक्टली, आजोबा!"

चला, चौथा शब्द आला!

त्या नदीवरचा जुना बांध फोडला होता. आता बांधाच्या वरच्या अंगाला मासे परतलेत का, ते बघायचं होतं. परतले असतील तर काम पुढे चालू आणि इराला फॉलमध्येही, म्हणजे पानगळीतही, ठेवणार. नाहीतर सीझन संपला की इरा घरी. पोरीचा सगळा जीव त्यात अडकला होता. मोजणीच्या दिवशी घरच्यांनाही बघायला बोलावलं होतं. मुलाला मीटिंग, सुनेला मीटिंग. राहिलो मी.

निघताना मी फ्रीझर उघडला. मंदाचं एक काम माझ्याकडे राहिलं होतं. नदी आहे, मासे आहेत, आणखी काय पाहिजे? गोळा डब्यात घातला आणि डबा मांडीवर घेतला. इराला सांगितलं नाही. (ती रडली असती. मग मी रडलो असतो. मग गाडी कोणी चालवायची?)

नदीवर इराने छातीपर्यंतची रबरी विजार चढवली. तिचा साहेब डेव्ह, दाढी इतकी की पोळ्याला मधमाश्या याव्यात. पोरांनी पाण्यात आडवं जाळं धरलं आणि ओढलं. झिरो! पुन्हा ओढलं. एक करंगळीएवढा मासा आणि एक चप्पल. इराचं तोंड उतरलं.

म्हटलं, त्यांचं चालू दे, आपण आपलं उरकावं. थोडं वरच्या अंगाला, झुडपाआड एका दगडावर बसलो. कणीक मऊ झाली होती. कडेकडेने चिमटे काढत बारीक गोळ्या केल्या आणि सोडल्या. "घे बाबा, मंदाबाईंकडून. घे, तूही घे."

आणि खाली एकदम गलका! पाणी नुसतं उकळत होतं. चपटे मासे, लांबडे मासे, मिशीवाले मासे! चौघांना जाळं उचलेना. इरा किंचाळत होती, डेव्ह दाढीतून रडत होता. मीही दगडावर उभा राहून टाळ्या वाजवल्या आणि आनंदाच्या भरात आणखी एक मूठ सोडली.

मग डेव्हने एक मासा उचलून त्याच्या तोंडात बघितलं. दुसऱ्याच्या तोंडात बघितलं. बोटावर काहीतरी पांढरं घेतलं, वास घेतला आणि ओरडला. सगळी पोरं धावत काठावर! कोणी बाटल्यांत पाणी भरतंय, कोणी फोन लावतंय.

"काय झालं गं?"

"आजोबा, समबडी डम्प्ड समथिंग! नदीत कोणीतरी काहीतरी टाकलंय!"

माझं डोकंच फिरलं. "कोण मेला तो? लाज नाही वाटत? पोरं उन्हातान्हात राबतात आणि हे नालायक नदीत घाण टाकतात! हात तोडले पाहिजेत एकेकाचे!" असं म्हणून मी हात उगारला.

इरा त्या हाताकडे बघत राहिली. "आजोबा... तुमच्या बोटांना काय लागलंय?"

"कणीक."

(असं भाषण अर्ध्यात थांबवणं फार अवघड असतं.)

"कुठली कणीक?"

मी डबा पुढे केला. सगळीकडून चिमटे काढलेला लिंबाएवढा तुकडा उरला होता. दोन बोटांचे खड्डे होते तेवढ्या भागाला माझा हात गेला नव्हता. इराने ओळखलं. आइस्क्रीम शोधायला तीही जायची बहुतेक.

"आज्जीची?" एवढंच म्हणाली. मग चिखलाच्या हातांनी मला मिठी मारली आणि मग म्हणाली, "पण आजोबा, माझा सगळा डेटा गेला ना यार!"

तिने डेव्हला सगळं सांगितलं. मी मध्ये मध्ये "थँक्यू" म्हणत होतो. डेव्हने डब्यात बघितलं, टोपी काढली आणि बराच वेळ बोलला. इराने मला सांगितलं, आजचे आकडे कचऱ्यात. पण यातल्या काही माशांच्या परांना त्यांनीच बांधाच्या खाली खूण केली होती. म्हणजे कणकेसाठी का होईना, ते वर आले. वाट मोकळी झालीय. उद्या सकाळी परत मोजायचं आणि फॉलमध्ये इरा पाहिजेच.

"मी येऊ का उद्या?"

डेव्हला मराठी येत नाही. तरी तो आधीच "नो" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो आणि आयुष्यात पहिल्यांदा एकट्याने कणीक मळायला घेतली. इराला डब्यात पोळी द्यायची होती. पाणी जास्त झालं म्हणून पीठ घातलं, पीठ जास्त झालं म्हणून पाणी. भांडायला समोर कोणी नाही, त्यामुळे थांबायचं कुठे ते कळेना. गोळा माझ्या डोक्याएवढा झाला. सून आत आली आणि बघतच राहिली.

"बाबा, पंगत आहे का?"

फ्रीझरमध्ये परत ठेवलेला तुकडा काढून नीट बघितला आणि तशीच दोन बोटं माझ्या गोळ्यावर दाबली. माझी बोटं जाड. खड्डे टायरने पाडल्यासारखे दिसले.

इरा दारात बूट चढवत फोनवर बोलत होती. "आजोबा, डेव्ह विचारतोय, तुम्ही आज घरीच आहात ना?"

"सांग त्याला, आजोबा कणीक मळतायत."

तिने सांगितलं. मग इरा म्हणाली,

"तो म्हणतोय, निघताना बाहेरून कुलूप लाव."