घरच्यासारखं काम

कामगार खात्यात इन्स्पेक्टर होण्यासाठी मी तीनदा अर्ज केला होता. त्याआधी इथे अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँडजवळच्या एका मोटेलमध्ये चादरी बदलल्या, रात्रीचं कॉलेज केलं आणि भांडून भांडून ही खुर्ची मिळवली. मला कुणी काही शिकवलं नाही. आणि आता हुकूम आला, की या इंटर्न मुलीला सहा आठवडे शिकवा, तुमच्या शेऱ्यावर तिची कायम नोकरी ठरेल.

मुलगी इथेच जन्मलेली, वडील नागपूरचे डॉक्टर. पहिल्याच मुलाखतीत निवड. मला 'सर' सोडून 'काका' म्हणायची. आठ वर्षांत बॉसने मला कधी कॉफीला नेलं नव्हतं. तिला दुसऱ्याच दिवशी नेलं.

पाचव्या आठवड्यात आम्ही पोळी-भाजीचे डबे पुरवणाऱ्या एका किचनमध्ये तपासणीला गेलो. मालक आपल्यातलाच. हजेरीची वही चोख, सगळ्यांचे आठवड्याला चाळीस तास. पोळ्या लाटणाऱ्या बाईंपाशी जाऊन मी विचारलं, "काही त्रास?"

"छे हो, साहेब. अगदी घरच्यासारखं आहे."

मी फॉर्मवर 'तक्रार नाही' लिहिलं आणि मुलीला म्हणालो, "बघ, पाच मिनिटांत काम. भाषा यावी लागते."

ती अजून बाईंकडेच बघत होती. "मावशी, घरी म्हणजे... लाइक, माझ्या आईला घरी सुट्टी नसते. एकपण दिवस. तुमाला पण नाही?"

बाई हसल्या. मग लाटणं थांबलं. एप्रनला हात पुसत त्या हळूच म्हणाल्या, "दिवाळीपासून नाही गं."

वहीत तर त्यांचे सगळे शनिवार-रविवार कोरे, म्हणजे सुट्टीचे होते. मला 'तक्रार नाही' खोडावं लागलं.

परतताना गाडीत मी भडकलो. "तपासणी मी करत होतो ना? मध्ये कशाला तोंड घातलंस?"

"सॉरी, काका. मला तो वर्ड नीट कळला नव्हता."

तेच झोंबलं. मला तो शब्द चांगला कळत होता. मोटेलमध्ये आलेल्या इन्स्पेक्टरला मीही हेच सांगितलं होतं: "लाइक फॅमिली, सर." तो वही मिटून निघून गेला आणि मी आणखी एक अख्खा उन्हाळा सुट्टीशिवाय चादरी बदलत राहिलो. तेव्हा अशी कच्च्या भाषेची कुणी माझ्या वाट्याला का आली नाही?

शेऱ्याच्या फॉर्ममध्ये 'भाषा' या रकान्यात मी 'कच्ची' असं लिहिलं. खोटं नव्हतं. तेवढ्यानेही तिची नोकरी जाऊ शकते, हे मला ठाऊक होतं. दोन दिवस फॉर्म ड्रॉवरमध्ये पडून होता. मग खाली लिहिलं: 'प्रश्न चांगले विचारते. कायम करावी.'

बॉस म्हणाला, "दोन्ही कसं? एक काहीतरी ठेव."

"दोन्ही राहील," मी म्हणालो. "नाहीतर सही करत नाही."

दोन्ही राहिलं. तिला नोकरी मिळाली. बॉसने पुन्हा तिलाच कॉफीला नेलं.