उरलेला पिवळा रंग

गराजमध्ये वॉशिंग मशीनच्या मागे रंगाचा एक डबा होता, अर्ध्याहून थोडा जास्त भरलेला. फिकट पिवळा. मुलगा की मुलगी ते माहीत नव्हतं, म्हणून दोघांनाही चालेल असा दुकानातल्या माणसानं सुचवलेला. पाच महिने मी कपडे धुवायला गेले की तो डबा दिसायचा, आणि मी कपडे धुवायचे.

ही ऐंशीच्या दशकातली, मधल्या वर्षांतली गोष्ट. आम्ही दक्षिण कॅलिफोर्नियात राहत होतो. नवरा सिव्हिल इंजिनियर, कालव्यांच्या कामासाठी आठवड्यातून दोनदा वाळवंटात जायचा. मी घरी.

आमच्याकडे बाळ यायच्या आधी त्याच्यासाठी काही आणून ठेवत नाहीत. पाळणा तर नाहीच. बाळ येतं, बाराव्या दिवशी त्याला पाळण्यात घालतात, आत्या कानात नाव सांगते, मग ते आपलं झालं. त्याआधी ते फक्त बाळ. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण इथे सातव्या महिन्यात खोली रंगवतात, आणि नवऱ्याच्या ऑफिसातल्या बायकांनी बेबी शॉवर केला तेव्हा मी कागदी टोपी घालून फोटोत हसले आहे. पाळणा खोक्यातून आला. नवऱ्यानं दोन रविवार घालवून तो जोडला, तरी तीन स्क्रू उरलेच. कॉलेजात पहिला आलेला माणूस हा.

नवव्या महिन्यात एका मंगळवारी पोटातली हालचाल थांबली. मुलगी होती. नर्सनं तिला थोडा वेळ माझ्याजवळ दिलं. केस भरपूर होते. ती रडली नाही आणि मीही रडले नाही.

हॉस्पिटलच्या फॉर्मवर नावाच्या रकान्यात नवऱ्यानं ‘बेबी गर्ल’ लिहिलं आणि पुढे आडनाव. मला विचारलं नाही. माझ्या मनात सहाव्या महिन्यापासून नाव होतं. बारशाआधी ते उच्चारायचं नसतं म्हणून त्यालाही सांगितलं नव्हतं. पाळणा आणताना रीत आठवली नाही, नावाच्या वेळी मात्र बरोबर आठवली. आणि आता ते नाव कुणाला सांगायचं, हेच कळेना.

घरी आले तेव्हा पाळणा गेला होता आणि त्या खोलीचं दार लावलेलं होतं. नवऱ्यानं सगळं आवरून ठेवलं होतं, फक्त गराजमधला डबा विसरला. मला दूध आलं. आई इथे असती तर ते आटायला छातीला मोगऱ्याच्या कळ्या बांधायला लावल्या असत्या. नर्सनं फोनवर छातीवर कोबीची गार पानं ठेवायला सांगितली. फ्रिजमधून काढून, तासातासानं बदलून. त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्या घरी कोबीची भाजी झाली नाही आणि नवऱ्यानं कधी का म्हणून विचारलं नाही.

आठव्या दिवशी आईचं एअरोग्राम आलं. तीन आठवड्यांपूर्वी टाकलेलं. ‘खोली रंगवल्याचं कळलं. हौस असते, पण आधी काही करू नये गं. पाळणा आणला असशील तर निदान चादर टाकून झाकून ठेव.’ आईनं ते लिहिलं तेव्हा सगळं ठीक होतं. मी पत्राची घडी घालून ती साखरेच्या डब्याखाली ठेवली, आणि हे माझ्यामुळे झालं, असं माझ्यापुरतं ठरवून टाकलं.

दुःख झालं असं म्हणता येणार नाही. दाढ काढल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. पोळ्या व्हायच्या, त्या गोलही व्हायच्या. मराठी मंडळातल्या एक काकू डबा घेऊन आल्या, माझा हात धरून म्हणाल्या, “रड बाई एकदाची, मोकळी हो.” मी म्हटलं, “काकू, चहा टाकू का?”

आम्ही दोघं तिच्याबद्दल बोलायचो नाही. मी बोलले तर तो मोडेल असं मला वाटायचं, आणि त्याला बहुधा माझ्याबद्दल तेच वाटत असावं. त्यामुळे बोलणं गाडीच्या ऑइलबद्दल, पावसाबद्दल, म्हणजे न पडलेल्या.

मग एका शनिवारी तो म्हणाला, “साइटच्या वाटेवर एक म्हातारा आहे. मातीचा डोंगर करतोय, देवासाठी. वेडा आहे, पण निरुपद्रवी. त्याला पेंट लागतो. गराजमधला डबा देऊन टाकू?”

“टाका,” मी म्हटलं.

तीन तासांचा रस्ता. मी दशम्या आणि लसणीची चटणी घेतली होती. डबा मागच्या सीटवर होता, आणि नवऱ्यानं तो कलंडू नये म्हणून त्याला सीटबेल्ट लावला होता. ते पाहिलं तेव्हाही मला काही वाटलं नाही.

डोंगर लांबूनच दिसला. भोवती सगळं करडं, मैलोन् मैल झाड नाही, आणि मध्येच ही तीन मजली रंगीबेरंगी टेकडी, वर क्रूस. जवळ गेल्यावर कळलं की मूळ टेकाड मातीचंच आहे, त्यावर म्हाताऱ्यानं चिखलाचे थर चढवले होते आणि थरांवर रंग. निळ्या नद्या, लाल फुलं, हिरव्या पायऱ्या. आणि पुरुषभर उंचीच्या पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीत फक्त ‘थँक यू’. कशाबद्दल, असं विचारावंसं वाटलं मला. पाच महिन्यांतला तो माझा पहिला राग असेल.

म्हातारा शेजारीच एका बंद पडलेल्या ट्रकमध्ये राहायचा. पूर्वी ट्रॅक्टर दुरुस्त करायचा म्हणाला. चित्रकला कुठे शिकला नव्हता, आणि ते दिसतही होतं. फुलं सगळी एकसारखी आणि पक्षी कोंबडीसारखे. पण सगळं त्याच्या एकट्याच्या हातचं होतं. नवरा जरा अंतर राखूनच उभा होता. म्हातारा आपल्याला बाटवतो की काय अशी त्याला धास्ती. शिवाय त्याच्यातला इंजिनियर जागा झाला होता. “आत स्टील नाही,” तो मला मराठीत म्हणाला. “दोन पावसाळे टिकणार नाही.”

“इथे पाऊस कुठे पडतो?” मी म्हटलं.

म्हातारा घमेल्यात माती आणि गवताचं भुसकट कालवत होता. कालवलं की लगेच थापत होता, आणि थापलेलं जागोजाग तडकलं होतं. आमच्या घरी मागची पडवी मातीची होती, आई दर उन्हाळ्यात लिंपायची. तूस आदल्या दिवशी भिजत घालायची, चिखल रात्रभर मुरू द्यायची, मग तुडवायची. मी म्हाताऱ्याला ते सांगितलं. सांगितलं म्हणजे दटावलंच. त्यानं हातातली थापी खाली ठेवली आणि ट्रकमागचं एक पिंप दाखवलं. त्यात दोन दिवसांपूर्वीचा चिखल होता, विसरून गेलेला. मी बांगड्या वर सारल्या आणि त्यात हात घातला. गार लागला. गार लागला हे मला कळलं, म्हणून सांगते आहे.

मी मळत होते, तेवढ्यात त्यानं आमचा डबा उघडला. रंगावर जाड साय धरली होती. ती काडीनं बाजूला काढत तो म्हणाला, “हा घरातला रंग. कोणाची खोली होती?”

“स्टडी रूम,” नवरा म्हणाला.

“बाळाची,” मी म्हणाले.

नवरा माझ्याकडे बघायला लागला. म्हाताऱ्यानं सॉरी म्हटलं नाही, आकाशाकडे बोटही दाखवलं नाही. त्याबद्दल मी आजही त्याची ऋणी आहे. त्यानं फक्त विचारलं, “नाव काय? ज्याचा रंग लावतो त्याचं नाव घेतो मी.”

“नाव नाही,” नवरा म्हणाला. “नाव ठेवायच्या आधीच...”

मग मीच समजावलं. आमच्यात बाराव्या दिवशी नाव ठेवतात. वडिलांची बहीण कानात सांगते. ती बहीण भारतात आहे, आणि बारावा दिवस कधीच होऊन गेला, आणि कान नाही. हे सगळं मी इंग्रजीत, हातानं चिखल मळत, बँकेत पत्ता सांगावा तसं सांगितलं. पाळणा आधी आणल्याचंही सांगितलं. आमच्यात तो आधी आणत नाहीत, मी आणला, असं. ते नवऱ्यानंही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

“तो मी जोडला होता,” नवरा हळूच म्हणाला. मराठीत.

म्हाताऱ्यानं डोंगराच्या सावलीकडच्या बाजूला, माझ्या छातीच्या उंचीवर, मुरलेल्या चिखलाचा एक जाड थापा मारला. फूल कसं करायचं ते दाखवलं. मूठ वळून मातीत दाबायची, मग बोटांनी कडेच्या पाकळ्या ओढायच्या. मी मूठ दाबली. खळगा झाला. लाल मातीतला, कडेला वळलेला, ओला, छोटा. पाकळ्या ओढायला बोट पुढे केलं आणि तसंच राहिलं. तो कानासारखा दिसत होता.

“पुढचं मला येत नाही,” म्हातारा म्हणाला. “तुमची रीत तुम्हाला माहीत.” आणि पिवळ्याचा डबा ढवळत आमच्याकडे पाठ करून बसला.

मी वाकले. मातीचा वास आला, आमच्या पडवीचा. खळग्याला ओठ लावून मी तिचं नाव सांगितलं. एकदा सांगितलं, मग रीतीप्रमाणे पुन्हा. माझा आवाज मातीत गेला, बाहेर कुणाला आला नसेल. ते नाव पहिल्यांदाच तोंडातून बाहेर पडत होतं, आणि ते इतकं लहान होतं.

आत्या पाळण्यावर वाकून नाव सांगते, तेव्हा बाकीच्या बायका ‘कुर्रर्र’ करत तिच्या पाठीत धपाटे घालतात. का, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. घालतात. माझ्या नणंदेला तिच्या पहिल्या भाच्याच्या बारशात असे धपाटे बसले होते की ती आठवडाभर पाठ चोळत होती, आणि माझा नवरा दारात उभा राहून हसत होता.

मी वाकलेलीच होते. मागे वाळूत बूट वाजले. आणि माझ्या पाठीत एक धपाटा बसला.

हलका होता. त्या माणसानं आयुष्यात कधी बायकोच्या पाठीत धपाटा घातला नव्हता, कसा घालायचा तेही त्याला येत नव्हतं. मग दुसरा बसला, थोडा जोरात. मग तिसरा. त्याला ‘कुर्रर्र’ म्हणायचं होतं, पण ‘कु’च्या पुढे त्याचा आवाज जाईना. तो तिथेच अडकायचा, श्वास घ्यायचा आणि पुन्हा धपाटा घालायचा. मी मान वर केली नाही. कपाळ ओल्या मातीला टेकवून मी रडायला लागले, आणि तो बारशाला आलेल्या सगळ्या बायकांचे धपाटे एकटाच घालत राहिला.