ब्रह्मदेशाचं कपाट

कारंज्याच्या वाचनालयात मी ग्रंथपाल होतो, तेव्हा एका कपाटाशी माझं उभं वैर होतं. धनजच्या एका गृहस्थांनी उमेदीची सगळी वर्षं ब्रह्मदेशात जमीनमोजणीच्या कचेरीत काढली होती. मरताना ते तिकडची पुस्तकं आमच्या गळ्यात घालून गेले. राजांच्या बखरी, व्याकरणं, ताडपत्रांची बाडं आणि त्यांनी स्वतः लिहिलेली शब्दांची एक वही. वहीत डावीकडे ब्रह्मी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. इकडे कादंबऱ्या जागेअभावी जमिनीवर आणि ही न वाचली जाणारी पाहुणेमंडळी कपाटात ऐसपैस. दरवर्षी कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला बदलताना मी पुटपुटायचो. दसऱ्याला मात्र सरस्वतीच्या पाटावर त्यातलाच सगळ्यात जाड ग्रंथ उघडून ठेवायचो. भारदस्त दिसायचा.

लढाईत रंगून जपान्यांच्या हाती पडलं त्या वर्षीची गोष्ट. दसरा चार दिवसांवर आला होता. गावाबाहेरच्या मळ्यात भाजी पिकवून विकणारी एक बाई सुनेला घेऊन वाचनालयात आली. आमच्या घरची वांगी तिच्याच पाटीतली. तिचा मुलगा रंगूनला नोकरीला गेला आणि त्यानं तिथलीच बायको केली. पळापळीत पायी परत येताना तो जंगलात वारला. मागून येणाऱ्या लोकांनी सून तेवढी आणून पोचवली.

"मास्तर, तुमच्यापाशी तिकडल्या बोलीचं बुक हाये म्हनतेत," बाई म्हणाली. "मले हिले एकच गोष्ट इचारा लागते. पोराच्या तोंडात शेवटी पानी पडलं का नाई?"

"हातानं खुणा करून पाहिल्या का?"

"चार महिने तेच करून राह्यली. मी तोंडाशी हात नेला का ते मलेच पानी आनून देते. लेक चांगली हाये. पन मले झोप नाई येत."

मी वही शोधायला लागलो. दसऱ्यासाठी पुसून ठेवलेला जाड ग्रंथ टेबलावर उघडा होता. सुनेनं तो पाहिला, दोन्ही हातांनी उचलला, फिरवून सरळ केला आणि हलकेच खाली ठेवला. म्हणजे इतके दसरे मी सरस्वतीपुढे ग्रंथ उलटा मांडत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र हसली नाही. ओळीवरून बोट फिरवत ओठांतल्या ओठांत वाचू लागली.

"हिले वाचता येते?" सासू म्हणाली. "अन् मी हिले अडानी समजून राह्यली."

वही सापडली, पण लिहिणारा पडला मोजणीवाला. पानंच्या पानं शीव, बांध, साखळी, दगड. मी मनात त्याचा उद्धार केला. शेवटी वारसांच्या पानावर 'नवरा' आणि 'मयत' मिळाले, विहिरींच्या पानावर 'पाणी'. त्या तीन शब्दांवर मी एकामागून एक बोट ठेवलं आणि मग स्वतःच्या तोंडाकडे दाखवलं.

पोरीचा चेहरा बदलला. ती फरशीवर बसली. सासूचा हात धरून तिलाही खाली बसवलं आणि तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. माझ्या टेबलावरच्या पाण्याच्या तांब्यात पदराचं टोक बुडवलं आणि सासूच्या ओठांवर पिळलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग कपाळावरून हात फिरवला.

"पाजलं," सासू पडल्या पडल्या म्हणाली. "हिनंच पाजलं."

सुनेला अजून सांगायचं होतं. तिनं वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. डोळे मिटले आणि थकलेल्या, जड आवाजात एक शब्द म्हटला, "माय."

ती सासूला हाक नव्हती. ज्याच्याकडून तो शब्द तिनं ऐकला, त्याच्याच आवाजात तो आला होता. मी कपाटाकडे तोंड करून उभा राहिलो. रडत होतो, लपवायचं कशाला.

मागून सासूचा आवाज आला.

"हाव, बाबू."